डोनच्या वाटेवर फाटक कुणासाठी?

गुजरातेतल्या डांग जिल्ह्यातल्या डोनसारख्या गावांची नावं कुणाला सांगू नयेत, तिथं जाणाऱ्यांकडून सणसणीत शुल्क घ्यावं आणि ‘सुरतेची गर्दी’ घाटाच्या पायथ्याशीच अडवावी, असं म्हणणाऱ्यांचा आवाज दर पावसाळ्यात थोडा चढतो. म्हणणारे लोक वाईट नाहीत. बहुतेक जण डोंगर तुडवलेले, पाखरं आवाजावरून ओळखणारे, स्वतःचा कचरा पाठीवरच्या पिशवीत घालून परत आणणारे. नाशिक-पुण्याकडे असे पुष्कळ आहेत, आता सुरतेत पाल आणि वेसूच्या उंच इमारतींतही आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सापुतारा हातचा गेला, डोन चाललंय, जे उरलंय ते निदान गुपचूप राखू या.

मी इच्छापोरला राहतो. ज्या गर्दीविषयी हे बोललं जातं, ती माझ्याच गल्लीतून निघते. तेव्हा उत्तर द्यायचं कामही माझ्याकडेच येतं.

आधी त्यांचं जे खरं आहे ते मान्य करून टाकतो. जुलै-ऑगस्टमधल्या रविवारी डांगाच्या कुठल्याही धबधब्यावर जा, वेफर्सच्या पाकिटांचा खच दिसेल. गाडीची दारं उघडी टाकून मोठ्यानं गाणी लावणारे असतात. दारूच्या फुटक्या बाटल्या असतात. (गुजरातेत दारूबंदी आहे. सापुताऱ्याच्या नाक्यापलीकडे दोन पावलांवर महाराष्ट्र सुरू होतो आणि तिथली दुकानं कुणाच्या जिवावर चालतात, हे दोन्ही राज्यांना चांगलं ठाऊक आहे.) यातल्या कशाचंच समर्थन करायचं नाही. पण ‘ही गर्दी नको’ असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा बाटली फोडणारा आणि पोराला पहिल्यांदा ढग दाखवायला आलेला बाप एकाच टोपलीत टाकले जातात, आणि शुल्काची काठी नेमकी त्या बापाच्या पाठीत बसते. माझी तक्रार तिथून सुरू होते.

ही गर्दी आहे तरी कोण? इच्छापोर म्हणजे सुरतेहून हजिऱ्याकडे जाणारा रस्ता. एका अंगाला औद्योगिक वसाहत आणि हिऱ्या-दागिन्यांच्या उद्योगासाठी उभारलेलं पार्क, पुढे पोलादाचे, खताचे, वायूचे कारखाने, आणि रात्री क्षितिजावर जळणारी चिमणीची ज्योत. हजिऱ्याच्या ठेक्यांवर फिटर, वेल्डर, हेल्पर म्हणून राबणाऱ्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे लोक आहेत, ओडिशाचे आहेत आणि आपले खान्देशी आहेतच. तापीच्या पलीकडे उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीत तर जळगाव-धुळे-नंदुरबारचं अर्धं गणगोत पसरलेलं आहे. उधना-जळगाव लोहमार्गावरून एकेक जण उतरला आणि डाइंग मिलमध्ये, एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, कापडाच्या मार्केटात लागला. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, बारा तासांची पाळी. मे महिन्यात खाडीवरून येणारी हवा इतकी दमट असते की वाळत घातलेला कपडा संध्याकाळीही ओलसरच हाताला लागतो.

अशा माणसाला आठवड्यात एक सुट्टी मिळते, तीही कधी मिळते, कधी नाही. त्या दिवशी जाणार कुठं? डुमसला जा, सुवालीला जा, तिथं समुद्र आहे. बाकी शहरात मॉल आहेत, पण तिथं पोरांना घेऊन गेलं की खिसा बोलायला लागतो. मग चार घरं मिळून एक इको गाडी ठरवतात. पहाटे अंधारात निघायचं, बारडोली, व्यारा मागं टाकलं की साग लागतो, आहव्यापर्यंत पोरं झोपेतून उठलेली असतात. चिंचलीकडे गाडी वळली की खिडकीतून ढग आत येतात. भाडं डोक्यांत वाटलं की परवडतं. घरून नेलेली भाकरी, चटणी, मुगाची भाजी. पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर जाणं आणि तितकंच येणं, सोमवारी सकाळी पुन्हा पाळी.

या माणसाला ‘पर्यटक’ म्हणताना मला जरा संकोच वाटतो. सहा महिने पोटासाठी घाम गाळल्यावर एक दिवस गार हवेत उभं राहायला आलेला तो माणूस आहे. त्याच्या आजोबांच्या काळी याच डोंगरांच्या अल्याड-पल्याड बागलाण आणि नवापूर-साक्रीकडे त्याचे पाय रोजचे चालत होते. आज तो चाळीत राहतो म्हणून डोंगर त्याला परका झाला, असं कुणी ठरवलं?

आता शुल्काचा हिशेब करा. डोईला पाचशे रुपये लावा. मोठ्या काळ्या गाडीतून येणाऱ्याला ते जाणवणारही नाहीत. एका थांब्यावरच्या कॉफीचे पैसे ते. इकोतल्या सात जणांचे मात्र साडेतीन हजार होतात, म्हणजे गाडीच्या भाड्याइतकेच. गर्दी कमी होईल, पण कोण कमी होईल? कचरा कमी झाला का, हा प्रश्न वेगळाच. डब्यात भाकरी आणणाऱ्याकडे फेकायला असतं काय? प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या, पाकीटबंद खाऊ, थर्माकोलच्या ताटल्या हा माल विकत घेणाऱ्याच्या हातातून पडतो. शुल्क लावून तुम्ही फेकणाऱ्याला आत ठेवता आणि न फेकणाऱ्याला बाहेर काढता.

इथं भूतानचा दाखला हमखास दिला जातो. भूतान बघा, किती मोजके लोक येतात, किती स्वच्छ. खरंय. भूतान परदेशी पाहुण्याकडून रोजचे शंभर डॉलर घेतो (आधी दोनशे होते, 2023 मध्ये निम्मे केले), भारतीयाकडून रात्रीचे बाराशे रुपये. पण तो पैसा एका देशाच्या तिजोरीत जातो आणि त्यातून तिथल्या लोकांचा मोफत दवाखाना, मोफत शाळा चालायला मदत होते. शुल्क कुणी ठरवलं? ज्यांच्या घरी पाहुणा येतो त्यांनी. डोनच्या वाटेवर तुम्ही जे शुल्क मागता ते कोण ठरवणार, कुणाच्या खात्यात जाणार? वनखात्याच्या? पार्किंगचा ठेका घेतलेल्या शहरातल्या कुणा माणसाच्या? याचं उत्तर न देता भूतानचं नाव घ्यायचं म्हणजे लग्नातली पंगत बघायची आणि हुंडा कुणी दिला हे विचारायचंच नाही.

आपल्याकडचाच दाखला घ्यायचा तर साताऱ्याचं कास पठार घ्या. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचं नाव गेलं, त्यात कासही आलं, आणि फुलांच्या दिवसांत गाड्यांच्या रांगा लागल्या. तिथं दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी ठेवली, शुल्कही घेतलं. ते चाललं, कारण पठाराभोवतीच्या गावांच्या समित्यांच्या हाती पावतीपुस्तक होतं. गावातली पोरं-पोरी पहाऱ्याला आणि वाट दाखवायला उभी राहिली. आणि तिथली दुसरी गोष्टही ऐका. फुलं वाचवायची म्हणून पठाराला कुंपण घातलं होतं. गुरांचं चरणं थांबलं. त्यामुळेच फुलं कमी होतायत असं स्थानिकांनी म्हणायला सुरुवात केली, आणि शेवटी ते कुंपण काढावं लागलं. ज्याला आपण ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून नमस्कार करतो, त्यात कुणाच्या तरी म्हशीचा वाटा असतो.

आता मुद्द्यावर येतो. शुल्काची मागणी करणारे एक गोष्ट गृहीत धरतात आणि ती बोलत नाहीत: डोंगर रिकामा आहे. त्यांच्या लेखी डोन म्हणजे ढग, कडा, धबधबा आणि तंबू ठोकायला सपाट जागा. आहवा तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेलं, कुणबी-कोकणा आणि भिल्ल-वारल्यांच्या मुलखातलं ते एक गाव आहे, त्याला शाळा आहे, ग्रामसभा आहे, भांडणंही आहेत, हे या चित्रात कुठंच येत नाही. ‘नाव सांगू नका’ म्हणणं म्हणजे तर कमालच. गाव त्यांचं, नाव त्यांचं, आणि ते लपवायचं की मिरवायचं हे नाशिकच्या गिरिमित्रांनी ठरवायचं?

डांगाच्या बाबतीत हे पहिल्यांदा होत नाही. 1842 मध्ये इंग्रजांनी इथल्या भिल्ल राजांकडून जंगलं पट्ट्यानं घेतली, कारण सागाला मागणी होती. त्यानंतर राखीव जंगल, परवाने, फॉरेस्टची चौकी आणि चौकीवरचा शिपाई. जंगल राखायचं म्हणून ज्यांना राखीवच्या हद्दीबाहेर काढलं, ती माणसं त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या नागली पेरत होती. आजही होळीच्या आधी आहव्यात डांग दरबार भरतो, पाच भिल्ल राजांची मिरवणूक निघते आणि त्यांना सरकारी सालियाना दिला जातो. बघायला मोठी गर्दी जमते, मौजही असते. पण तो सालियाना ही एका जुन्या व्यवहाराची पावती आहे, हे लक्षात ठेवून बघावा.

दुसरा अध्याय सापुताऱ्याचा. माझ्या विरोधकांना सापुतारा ‘हातचा गेला’ असं वाटतं, कारण तिथं तलावात बोटी आहेत, रोपवे आहे, सनसेट पॉइंटवर मक्याच्या कणसांच्या गाड्या आहेत, आणि रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मला सापुताऱ्याचं दुःख वेगळं आहे. हे थंड हवेचं ठिकाण उभं करायला तिथली मूळ वस्ती उठवून खाली नवागामला बसवली. पुढं त्या लोकांना स्वतःच्याच घराखालच्या जागेच्या कागदांसाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले. त्यांच्या मुलाबाळांतले कित्येक आज वरच्या हॉटेलांत खोल्या झाडतात, घोडे फिरवतात, कणसं भाजतात. सापुतारा गर्दीनं बिघडला म्हणता? गर्दी यायच्या आधीच तिथलं गाव गेलं होतं. ते गेलं तेव्हा कुणी ‘डोंगर वाचवा’ म्हणाल्याचं मला तरी ऐकिवात नाही.

म्हणून ‘डोनचा दुसरा सापुतारा करू’ म्हणणारे विकासवाले आणि ‘डोनला कुणी जाऊच नका’ म्हणणारे निसर्गवाले एकमेकांपासून दिसतात तितके दूरचे मला वाटत नाहीत. एकाला तिथं रिसॉर्ट दिसतो, दुसऱ्याला अभयारण्य दिसतं. विकासवाल्यांचा प्रतिवाद करायला फार शब्द खर्चावे लागत नाहीत, नवागामला जाऊन दहा मिनिटं बसलं की पुरतं. अवघड प्रतिवाद निसर्गवाल्यांचा आहे, कारण त्यांचा हेतू चांगला आहे आणि आपण त्यांच्याकडे आदरानं बघतो.

तर गावाला काय हवंय? हे विचारणं आम्हा खान्देशी सुरतकरांना इतरांपेक्षा सोपं आहे, हे मुद्दाम सांगतो. डांगी बोलीला अहिराणी फार लांबची नाही. 1 मे 1960ला राज्यं वेगळी झाली, डांग गुजरातेत राहिला, शाळा गुजराती झाल्या. पण चुलीपाशी बसून बोलायचं तर त्यांची डांगी आणि आमची अहिराणी-मराठी यांचं निभावतं. रविवारच्या गर्दीतल्या आमच्या बायका तिथल्या बायकांशी ज्या मोकळेपणानं बोलतात, तसं बोलताना मी पुण्याचा एकही गिर्यारोहक पाहिलेला नाही. तो बहुधा वाटाड्याशी बोलतो, तेही हिंदीत.

त्या भागातल्याच एका घरी जेवायला बसलो होतो. मावशी नागलीच्या भाकऱ्या थापत होत्या. नागलीला चिकटपणा कमी, त्यामुळं पीठ गरम पाण्यात मळायचं, हातावर पाणी घेत घेत थापायची, आणि तव्यावर टाकताना तुटू द्यायची नाही. तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. सोबत उडदाची डाळ आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांचं लोणचं. मी विचारलं, “मावशी, एवढी माणसं येतात, त्रास होत नाही का?”

त्यांनी भाकरी उलटली. “माणसं आली तर चांगलंच की, भाऊ. जेवायला कोण येतंय पण? सगळे डबे घेऊन येतात, नाहीतर खाली हॉटेलात खातात. आमच्याकडं येतात ते संडास विचारायला.”

मग तक्रारी एकेक करून बाहेर आल्या, आणि त्यातली एकही आपल्या निसर्गप्रेमी मित्रांच्या यादीत नव्हती. जुलैत उतारावरच्या तुकड्यांत नागलीची रोपं लावलेली असतात, वीतभर उंचीची, लांबून गवतासारखी दिसतात. फोटो काढायला लोक थेट त्यात जाऊन उभे राहतात. कुणाच्या अंगणात गाडी लावून चावी खिशात घालून निघून जातात, मग त्या घरचा बैल संध्याकाळपर्यंत गोठ्याबाहेर काढता येत नाही. पोरी पाण्याला निघाल्या की मोबाइल वर होतात. आणि पाणी. डांगात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, पण डोंगरउतारावरून तो वाहून जातो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीच्या तळाला वाटी लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत येणारे त्याच विहिरीवर हातपाय धुतात.

मावशींना गर्दी नको होती असं नाही. त्यांना तिच्यावर हुकूम हवा होता. गाडी कुठं लावायची, पाणी कुठलं वापरायचं, रात्री कुणी राहायचं, पैसे कुणाच्या हातात द्यायचे, हे सांगायचा अधिकार. आणि हा अधिकार काही मागायची भीक नाही, तो कायद्यात आहे. डांग हा सगळा जिल्हाच राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. 1996चा पेसा कायदा तिथल्या ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीबद्दल बोलायचा हक्क देतो, गुजरातनं त्याचे नियम 2017 मध्ये केले. 2006च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायची जबाबदारी गावावर टाकली आहे. हे कागदावर आहे; त्या कागदाचं वजन वनखात्याच्या चौकीत किती पडतं, ते वेगळं.

‘त्या लोकांना कसं जमणार?’ असं एक पुटपुटणं या ठिकाणी ऐकू येतं. जमतं. पार-तापी-नर्मदा नदीजोडमध्ये चिकार, डाबदर, केळवण अशी धरणं डांगात बांधायची होती. गावंच्या गावं रस्त्यावर उतरली आणि मे 2022 मध्ये गुजरात सरकारला तो प्रकल्प मागं घेत असल्याचं जाहीर करावं लागलं. ज्यांनी धरण थांबवलं त्यांना गाड्यांची रांग लावता येणार नाही? आणि पाहुण्याला जेवू घालण्याचं म्हणाल तर दक्षिण गुजरातेत बायकांच्या बचतगटांनी चालवलेली ‘नाहरी’ केंद्रं कित्येक वर्षं चालू आहेत. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, भात, चटणी. पैसा गटाच्या हाती. 2021 मध्ये डांग हा नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्याचे मोठमोठे फलक लागले. त्या फलकाखालून जाणारा सुरतकर डोनला पोचून पाकिटातले नूडल्स खातो, यात दोष कुणाचा म्हणायचा?

गाव स्वतः फाटक लावत असेल तर माझी काही तक्रार नाही. ऑस्ट्रियातलं हालस्टाट हे तळ्याकाठचं डोंगरगाव, वस्ती आठशेच्या आत, आणि हंगामात दिवसाला दहा-दहा हजार माणसं येतात. 2023 मध्ये तिथं फोटोची गर्दी अडवायला लाकडी आडोसा उभारला गेला आणि गावकऱ्यांनी रस्त्यावर येऊन पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा आणि संध्याकाळी सहलीच्या बसना बंदी मागितली. त्यांनी मागितली, कारण सकाळी दार उघडल्यावर समोर उभा असलेला माणूस त्यांच्या दारात होता. उद्या डोनच्या ग्रामसभेनं ठराव केला की पावसाळ्यात रविवारी अमुकच गाड्या वर येतील, किंवा सहा आठवडे लावणीच्या दिवसांत कुणीच येऊ नये, तर इच्छापोरहून निघणारी पहिली इको मी थांबवीन. नाशिकच्या कुणा मंडळानं तसं पत्रक काढलं, तर नाही.

राहिला वाहनांचा प्रश्न, आणि त्यात सरकारला बाजूला उभं राहू देता येणार नाही. लोक इको आणि खासगी लक्झरी बस का करतात? कारण सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरतेहून निघून वर नेणारी आणि संध्याकाळी परत आणणारी भरवशाची एसटी मिळत नाही. त्याची किंमत आम्ही भरलेली आहे. 7 जुलै 2024ला सुरतेहून सहलीला गेलेली खासगी बस सापुतारा घाटात दरीत गेली, त्यात दोन लहान मुलांचा जीव गेला. 2 फेब्रुवारी 2025च्या पहाटे त्याच बाजूला यात्रेकरूंची बस कोसळली. प्रत्येक वेळी ओव्हरलोड, ब्रेक, ड्रायव्हर अशी चौकशी होते. घाट तोच, प्रवासी बहुतेक तसेच, पगाराच्या हिशेबानं गाडी ठरवणारे.

बिलीमोरा-वघई ही गायकवाडांच्या काळातली अरुंद मार्गाची गाडी बघा. 2020 अखेरीस ती तोट्यात म्हणून बंद करायचं ठरत होतं. लोकांनी ओरड केली, 2021 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि तिला मोठ्या काचांचा वातानुकूलित डबाही जोडला. पर्यटकांसाठी काचेचा डबा सुचतो. मग वघईहून आहवा, चिंचलीपर्यंत त्या गाडीच्या वेळेला जोडून दोन साध्या बस सोडायला काय हरकत आहे? मोठी गाडी खाली ठेवा, वरची चढण गावातल्याच जीपनं करू द्या. भाडं गावात राहील आणि अंगणातला बैलही मोकळा होईल. शेकडो गाड्या वर चढवून मग शुल्कानं माणसं गाळण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, आणि त्यात कुणाच्या पगाराची वीण तपासावी लागणार नाही.

माझ्या निसर्गवादी मित्रांना एकच विचारतो. तुम्ही वर्षाला दहा वेळा डोंगरात जाता, तेही ठीक, पण तुमचा दहावा फेरा आणि आमच्या गल्लीतल्या पोराचा पहिला फेरा यांत कुठला आधी रद्द करायचा असेल, तर तुम्ही कुठला कराल? शुल्क वाढवा म्हणताना तुम्ही याचं उत्तर देऊन चुकला आहात.

आणि आमच्या लोकांना, म्हणजे इच्छापोर, उधना, लिंबायतच्या मंडळींना, सांगायचं ते असं. रविवारी डोनला जाणार असाल तर एक वेळचं जेवण गावात सांगून ठेवा, आदल्या दिवशी सांगितलं तर ते करून देतात. हिरव्या दिसणाऱ्या तुकड्यात पाय टाकू नका, ती नागली असते. उन्हाळ्यात पाणी इथूनच भरून न्या. गाणं बंद ठेवा. आणि वाटेत कुणी पैसे मागितले तर पावती घ्या, पावतीवर ग्रामसभेचा किंवा गावसमितीचा शिक्का आहे का ते बघा. शिक्का असेल तर घासाघीस न करता द्या. नसेल तर देऊ नका, आणि का देत नाही ते तिथंच मोठ्यानं सांगा.